कोळ्याचे पाय आठ की दहा? आधी कंबर शोधा

तुम्ही लिहिले आहे की खिडकीच्या कोपऱ्यात सापडलेला एक मेलेला कोळी तुम्ही भिंगाखाली धरला, पुस्तकातील आकृतीशी ताडून पाहिला आणि तीन ठिकाणी अडलात. पायांच्या चार जोड्या असायला हव्या होत्या, पण तुम्हाला पाच दिसल्या, आणि सर्वांत पुढच्या आखूड जोडीच्या टोकांना गोळे होते. डोके कुठे संपते आणि छाती कुठे सुरू होते, हे काही केल्या कळले नाही. शिवाय मेलेला कोळी नेहमी पाय पोटाशी घेऊनच का पडलेला असतो, हेही तुम्ही विचारले आहे.

तुमची तिन्ही निरीक्षणे बरोबर आहेत. हे आधी सांगतो, कारण पुस्तक आणि डोळे यांच्यात विसंगती दिसली की नवा निरीक्षक बहुधा स्वतःच्या डोळ्यांवरच शंका घेतो. खरी अडचण दुसरीकडे आहे. आपण शाळेत कीटकाची रचना शिकतो, डोके, वक्ष आणि उदर असे तीन भाग पाठ करतो, आणि पुढे कोणताही लहान, सांध्यांच्या पायांचा प्राणी समोर आला की नकळत तेच तीन भाग त्याच्यात शोधू लागतो. कोळी कीटक नाही. विंचू आणि गोचीड यांच्याबरोबर तो अ‍ॅरॅक्निडा या वर्गात मोडतो. त्याला मिशा नाहीत, पंख नाहीत आणि माशीसारखे संयुक्त डोळेही नाहीत. गेली वीस-बावीस वर्षे मी कोळ्यांचे नमुने ओळखण्याचे काम करतो आहे, आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट करायला सांगतो: कोळ्याची कंबर शोधा आणि प्रत्येक अवयव कंबरेच्या पुढे आहे की मागे, एवढेच नोंदवा. हे जमले की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

कोळ्याच्या शरीराचे भाग दोनच आहेत. पुढच्या भागात डोके आणि वक्ष एकत्र जुळलेले असतात, म्हणून त्याला शिरोवक्ष म्हणतात. मागचा भाग म्हणजे उदर. या दोहोंना जोडणारा अगदी बारीक देठ म्हणजे मी ज्याला कंबर म्हणतो ती. वरून पाहताना ती बऱ्याचदा दिसतच नाही, कारण फुगलेले उदर तिच्यावर झुकलेले असते. कोळी उलटा करून किंवा कुशीवर ठेवून पाहिले की ती सापडते. एवढ्याशा देठातून अन्नमार्ग जातो, मज्जातंतू जातात आणि उदरातील हृदयाकडून पुढे रक्त नेणारी महारोहिणीही जाते. इतका अरुंद मार्ग कशासाठी, याचे एक उत्तर जाळे विणणाऱ्या कोळ्याकडे पाहिल्यावर मिळते. पाय धाग्यावर घट्ट रोवलेले असताना तो उदर हवे तसे वळवतो आणि धागा नेमका हव्या त्या जागी चिकटवतो. देठ जाड असता तर ही लवचीकता आली नसती.

डोके आणि छाती यांची सीमा तुम्हाला सापडली नाही, कारण तिथे सांधा नाही. शिरोवक्षावर पाठीच्या बाजूने एकच कवच असते आणि पोटाच्या बाजूने पायांच्या मधोमध एक सपाट पट्ट असतो. कवचावर नीट पाहिले तर इंग्रजी व्ही या अक्षरासारखी एक उथळ खाच डोळ्यांच्या भागाला मागच्या भागापासून वेगळे करताना दिसते. पूर्वीच्या डोक्याची तेवढीच खूण उरली आहे. अनेक कोळ्यांत कवचाच्या मध्यावर आणखी एक खळगा असतो. तो म्हणजे जखमेचा वण आहे असे अनेकांना वाटते, पण तिथे कवच आतल्या बाजूला दुमडलेले असते आणि त्या दुमडीला शोषक जठराचे स्नायू जोडलेले असतात. कोळी घन अन्न गिळू शकत नाही. तो भक्ष्यावर पाचक रस ओततो, त्याचा द्रव होऊ देतो आणि या जठराच्या पंपाने तो ओढून घेतो. बाहेरच्या एका खळग्यावरून आतल्या पंपाची जागा कळते, हे मला आजही विलक्षण वाटते.

इथे एक फसवी गोष्ट सांगून ठेवतो. मुंगीची नक्कल करणारे काही कोळी आहेत. त्यांच्या शिरोवक्षालाच मध्ये आवळल्यासारखी बारीक जागा असते, त्यामुळे शरीराचे तीन भाग असल्याचा भास होतो, आणि पायांची पहिली जोडी ते मिशांसारखी हवेत हलवत ठेवतात. अशी एक ‘मुंगी’ मी सुरुवातीच्या काळात मुंग्यांच्या नमुन्यांत ठेवून दिली होती, आणि पाय मोजल्यावर चूक लक्षात आली. म्हणून सांगतो, आवळलेली जागा दिसली की लगेच तिला कंबर समजू नका. पाय सगळे खऱ्या कंबरेच्या पुढेच असतात, कारण उदराला पाय कधीच नसतात.

आता पाचव्या जोडीकडे वळतो. कंबरेच्या पुढे अवयवांच्या एकूण सहा जोड्या असतात, आणि त्यांतल्या फक्त शेवटच्या चार म्हणजे पाय. पहिली जोडी केलिसेरांची: तोंडाच्या पुढे असलेले दोन जाड खांब आणि प्रत्येकाच्या टोकाला घडी होणारा विषदंत. विषाचे छिद्र दंताच्या अगदी अणकुचीवर नसून टोकाच्या किंचित अलीकडे असते, त्यामुळे टोचताना ते बुजत नाही. टॅरँटुलासारख्या कोळ्यांत हे दोन्ही दंत एकमेकांना समांतर राहून वरून खाली येतात, तर घरात-बागेत दिसणाऱ्या बहुतेक कोळ्यांत ते चिमट्यासारखे समोरासमोर मिटतात. विषग्रंथी जवळजवळ सर्व कोळ्यांत असतात, पण युलोबोरिडी या कुलातल्या कोळ्यांत त्या नसतात. ते भक्ष्याला धाग्यांत घट्ट गुंडाळूनच काम भागवतात.

दुसरी जोडी पेडिपॅल्पची, आणि तुम्ही पाचवी म्हणून मोजलेली जोडी बहुधा हीच. ती पायासारखी दिसते, पण मोजल्यावर फरक कळतो: पायाचे खंड सात असतात, पेडिपॅल्पचे सहा. भक्ष्य धरणे, चाचपणे, चव घेणे ही कामे ही जोडी करते. मादीत आणि पिल्लात तिचे टोक साधे, निमुळते असते. तुम्हाला दिसलेले गोळे म्हणजे तो कोळी नर होता याची खूण आहे. नराच्या जननग्रंथी उदरात असतात आणि या गोळ्यांशी त्यांचा आतून काहीही संबंध नसतो. प्रौढ नर एक छोटेसे जाळे विणतो, उदराखालच्या छिद्रातून त्यावर शुक्रद्रवाचा थेंब सोडतो, तो पेडिपॅल्पच्या टोकातील कंदात शोषून घेतो आणि मग मादीच्या शोधात निघतो. म्हणून या कंदाची रचना जातीगणिक वेगळी असते, आणि अनेक जातींत नेमकी ओळख फक्त या अवयवावरूनच पटते. माझा अर्धा वेळ सूक्ष्मदर्शकाखाली हेच गोळे फिरवून पाहण्यात जातो.

मात्र ‘गोळा दिसला म्हणजे प्रौढ नर’ असे सरसकट म्हणता येत नाही. शेवटची कात टाकण्याआधीच्या नराचे पेडिपॅल्पही फुगलेले असतात, पण त्यांचा पृष्ठभाग सपाट, गुळगुळीत असतो. शेवटची कात टाकल्यावरच आतली गडद वळणे, काटे आणि आकडे उघडे पडतात. तुमच्या नमुन्यात यांतले काय आहे ते पुन्हा एकदा पाहा. आणखी दोन शक्यता मी तुमच्या वर्णनावरून जवळजवळ सोडून दिल्या आहेत, पण नोंदवून ठेवतो. टॅरँटुलांचे पेडिपॅल्प इतके लांब असतात की तो कोळी खरोखर दहा पायांचा भासतो. आणि ज्यांना उंटकोळी म्हटले जाते ते सोलिफ्यूज तर कोळीच नव्हेत. त्यांचे पेडिपॅल्प पायांएवढे लांब असतात, जबडे अवाढव्य असतात, मात्र बारीक कंबर नसते आणि धागा काढण्याचे अवयवही नसतात. तुमच्या प्राण्याला कंबर असेल तर हा प्रश्न मिटला.

डोळ्यांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण समोरून एकदा पाहाच. बहुतेक कोळ्यांना आठ साधे डोळे असतात, काही कुलांत सहा, आणि कायम गुहेत राहणाऱ्या काही जातींत एकही नाही. संख्येपेक्षा मांडणी महत्त्वाची आहे. लांडगा-कोळ्यात खाली चार लहान डोळ्यांची ओळ, वर पुढे पाहणारे दोन मोठे डोळे आणि त्यांच्या मागे आणखी दोन अशी रचना असते. रात्री कपाळाशी विजेरी धरून गवतावर प्रकाश टाकला की हे डोळे हिरवट चमकतात, कारण त्यांच्या मागे प्रकाश परतवणारा थर असतो. उडी मारणाऱ्या कोळ्यात पुढचे दोन डोळे दिव्यांसारखे मोठे असतात. त्यांचे भिंग कवचाला पक्के जोडलेले असल्यामुळे हलत नाही, पण आत लांब नळी असते आणि तिच्या तळाशी असलेला दृष्टिपटल स्नायूंनी हलवता येतो. जिवंत कोळ्याच्या डोळ्यांत भिंगातून पाहत राहिलात तर काळा भासणारा डोळा क्षणात फिका होतो आणि पुन्हा काळा होतो. त्या वेळी आतला दृष्टिपटल तुमच्याकडून दुसरीकडे वळून परत आलेला असतो. जाळ्यात बसून राहणाऱ्या कोळ्यांची नजर मात्र सामान्यतः कमजोर असते. त्यांचे जग कंपनांचे आहे, आणि ती कंपने टिपणाऱ्या बारीक फटी पायांवर, विशेषतः सांध्यांजवळ असतात. त्याशिवाय पायांवर काही अतिशय पातळ, उभे केस असतात, जे हवेच्या हलक्या झुळकीनेही डोलतात.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पायांतच आहे, आणि माझ्या मते कोळ्याच्या शरीरातील सर्वांत सुंदर गोष्ट ती आहे. आपल्या गुडघ्याला वाकवणारे स्नायू वेगळे आणि सरळ करणारे वेगळे असतात. कोळ्याच्या पायात मात्र दोन महत्त्वाच्या सांध्यांत, म्हणजे मांडीच्या पुढच्या गुडघ्याच्या सांध्यात आणि नडगीच्या पुढच्या सांध्यात, सरळ करणारे स्नायूच नसतात. तिथे फक्त वाकवणारे असतात. पाय सरळ होतो तो द्रवाच्या दाबाने. शिरोवक्षातील स्नायू आकुंचन पावून आतल्या रक्तद्रवावर दाब आणतात, तो द्रव पायांत शिरतो आणि सांधे उघडतात. उडी मारणारा कोळी स्वतःच्या लांबीच्या कितीतरी पट दूर झेप घेतो, तेव्हा त्याच्या मागच्या पायांत हाच दाब एकाएकी वाढलेला असतो.

कोळी मेला की दाब नाहीसा होतो. सांधे उघडे ठेवणारे काहीच उरत नाही, वाकवणारे स्नायू तेवढे पाय आत ओढतात, आणि तुम्ही पाहिलेली ती आखडलेली मूठ तयार होते. नुकत्याच मेलेल्या कोळ्याचे शिरोवक्ष मऊ चिमट्याने दोन्ही बाजूंनी अगदी हलके दाबले, तर आखडलेले पाय किंचित उघडतात आणि चिमटा सोडताच परत मिटतात. वाळलेल्या नमुन्यावर हे करू नका, पाय तुटतील. अमेरिकेतील राइस विद्यापीठातील अभियंत्यांनी 2022 मध्ये मेलेल्या लांडगा-कोळ्याच्या शिरोवक्षात सुई बसवून हवेच्या दाबाने त्याचे पाय उघडून-मिटून दाखवले आणि त्याचा लहान वस्तू उचलणारा चिमटा म्हणून उपयोग केला. याच कारणामुळे पाळलेला जिवंत कोळी पाय शरीराखाली आखडून बसलेला दिसला, तर जाणकार लगेच त्याच्या शरीरातले पाणी कमी झाले असावे अशी शंका घेतात. अर्थात केवळ विश्रांतीसाठी पाय जवळ घेऊन बसणारे कोळीही पुष्कळ आहेत. पाय शरीराच्या बाजूला दुमडले आहेत की पोटाखाली गोळा झाले आहेत, यावर निदान अवलंबून असते.

पायाच्या टोकाला नख्या असतात, आणि त्यांवरूनही कोळ्याची राहणी कळते. जाळ्यावर वावरणाऱ्यांना तीन नख्या असतात; मधल्या नखीने धागा पकडला जातो. भटकून शिकार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना दोनच नख्या आणि त्यांच्याखाली दाट केसांचे झुपके असतात, ज्यांच्या आधाराने ते काचेवरही चढतात. संकटात सापडलेला कोळी पाय तोडून देऊ शकतो आणि पुढच्या कातीबरोबर नवा, बहुधा थोडा लहान पाय उगवतो. म्हणून एखादा पाय आखूड दिसला तर ते जातीचे लक्षण समजू नका.

आतापर्यंतचे सगळे कंबरेच्या पुढचे होते: डोळे, विषदंत, पेडिपॅल्प, पाय, आणि हे सारे चालवणारा मेंदूही तिथेच. काही अतिसूक्ष्म कोळ्यांत हा मेंदू शिरोवक्षात मावत नाही आणि पायांच्या मुळांतही पसरलेला आढळतो. कंबरेच्या मागे, म्हणजे उदरात, हृदय, श्वसन, प्रजनन आणि धाग्याच्या ग्रंथी आहेत. शिरोवक्षाचे कवच कठीण असते, तर उदराची त्वचा मऊ असते, कारण भरपूर खाल्ल्यावर किंवा अंडी भरल्यावर तिला ताणावे लागते. वाळलेल्या नमुन्याचे उदर सुरकुततेही त्यामुळेच. हृदय म्हणजे पाठीच्या बाजूने गेलेली एक लांब नळी. फिकट, पातळ त्वचेच्या जिवंत कोळ्यात पाठीवरच्या मधल्या पट्ट्याखाली ती धडधडताना भिंगातून दिसू शकते. रक्तात प्राणवायू वाहून नेण्यासाठी लोहाऐवजी तांबे असलेले हीमोसायनिन असते आणि त्यामुळे त्याला निळसर छटा येते.

उदर उलटे करून पाहा. पुढच्या भागात एक आडवी घडी दिसेल आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक फिकट किंवा पिवळसर ठिपका. ती पुस्तक-फुप्फुसांची झाकणे. आत पुस्तकाच्या पानांसारखे पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. पापुद्र्यांच्या आतून रक्त वाहते आणि मधल्या फटींतून हवा खेळते. टॅरँटुलांत अशा फुप्फुसांच्या दोन जोड्या असतात, घरातल्या बहुतेक कोळ्यांत एकच जोडी आणि जोडीला श्वासनलिका. प्रौढ मादीत याच घडीच्या मध्यावर, अनेक कुलांत, एक कठीण गडद पट्टी असते. तिची रचना नराच्या गोळ्यांशी जुळणारी आणि ओळखीसाठी तितकीच मोलाची. ती सर्व कुलांत बाहेरून दिसत नाही, त्यामुळे पट्टी नाही म्हणून मादी नाही असे म्हणू नका.

उदराच्या टोकाशी बोटांसारखे लहान उंचवटे असतात, साधारणपणे तीन जोड्या. धागा इथून बाहेर येतो. प्रत्येक उंचवट्यावर अनेक सूक्ष्म नळ्या असतात आणि वेगवेगळ्या ग्रंथींचे धागे वेगवेगळ्या नळ्यांतून निघतात: लोंबकळण्याचा मजबूत धागा वेगळा, अंड्यांच्या पिशवीचा वेगळा, भक्ष्य गुंडाळण्याचा वेगळा. ग्रंथीत तो द्रव असतो, आणि बाहेर ओढला जाताना, पाणी आणि आम्लता बदलत असताना, त्याचा घन तंतू बनतो. म्हणजे कोळी धागा पिचकारीसारखा फेकत नाही. तो पायाने किंवा स्वतःच्या वजनाने ओढून काढतो. लिफिस्टियस या जुन्या वंशात हे उंचवटे उदराच्या टोकाला नसून खालच्या बाजूने मध्यावर असतात आणि पाठीवर खंडांच्या पट्ट्या स्पष्ट दिसतात, ज्यावरून कोळ्याचे गुळगुळीत उदर पूर्वी खंडित होते हे समजते.

हे सगळे पाहण्यासाठी कोळी मारण्याची गरज नाही, आणि हे मी आग्रहाने सांगतो. जाळ्याजवळ किंवा कोपऱ्यात लटकलेली कात शोधा. कात टाकताना शिरोवक्षाचे कवच झाकणासारखे उघडते आणि कोळी त्यातून पाय उपसून बाहेर येतो, त्यामुळे मागे राहिलेल्या कातीत डोळ्यांची पारदर्शक भिंगे, विषदंत, नख्या आणि पायांचे सर्व खंड जसेच्या तसे मिळतात. उदराची त्वचा मात्र चुरगळलेली असते. एका काचेवर पाण्याचा थेंब टाकून कात त्यावर ठेवली की ती मऊ होते आणि बारीक कुंचल्याने पाय पसरता येतात. कवचाचे झाकण उजेडासमोर धरले की डोळ्यांच्या जागी आठ स्वच्छ खिडक्या दिसतात.

तुमच्याकडचा मेलेला नमुना अजून वाळला नसेल तर तो सुमारे सत्तर ते ऐंशी टक्के इथेनॉलमध्ये, घट्ट झाकणाच्या लहान बाटलीत ठेवा आणि बाटली ज्योतीपासून दूर असू द्या. आत पेन्सिलीने लिहिलेली कागदी चिठ्ठी टाका: तारीख, नेमके ठिकाण, जाळ्यात होता की भिंतीवर. शाई अल्कोहोलमध्ये पसरते. रंग फिका पडेल, म्हणून त्याआधी वरून, खालून, समोरून आणि पेडिपॅल्पच्या टोकाचे बाजूने असे चार फोटो काढा. मी स्वतः पहिली दोन वर्षे फक्त वरून फोटो काढत होतो, आणि त्या फोटोंतल्या बहुतेक कोळ्यांची ओळख आजही मला लावता आलेली नाही. तुमच्या चार फोटोंवरून कूळ सांगता येण्याची चांगली शक्यता आहे. जात सांगता येईल की नाही, हे त्या गोळ्यांची वळणे किती स्पष्ट दिसतात यावर ठरेल.